पान सतरा, शेवटची ओळ

बसा. ती खुर्ची घ्या, दुसरीचा पाय डगमगतो. दिवा लावते, कातरवेळ झालीच आहे. तुमचा अर्ज मी वाचला. तुम्हाला ज्ञानकोशावर प्रचालक व्हायचं आहे आणि त्यासाठी माझी शिफारस हवी आहे. देईन की नाही ते नंतर बघू. आधी जे सांगते ते ऐकून घ्या आणि मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं चालत नाही, हे एव्हाना तुमच्या कानावर आलं असेलच.

आपल्या या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशावर कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ते उलटवायचं, पहिल्यानं पुन्हा लिहायचं आणि मग दोघांनी चर्चापानावर एकमेकांची अक्कल काढायची. हे तंटे मिटवायचे प्रचालकानं. पगार शून्य. माझी भावजय म्हणते, "वन्सं, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय ते भाजताय, वर लष्कराच्या शिव्याही खाताय." तिचं चुकत नाही. पण छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईला निवृत्तीनंतर दुसरं काय सुचणार? छापायला जाणारा मजकूर मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघायचा, हाच माझा जन्माचा धंदा. ज्ञानकोशावर आले तेव्हा नाव घेतलं 'काटेकोर'.

माझा स्वभाव तापट आहे. एक उदाहरण देते, ते लक्षात ठेवा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमच्या व्यवस्थापकांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. कशासाठी, तर एक ओळ गळली म्हणून. एक ओळ! "बाई, डोळे कुठे होते तुमचे?" असं म्हणाले. बावीस वर्षांची होते मी. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तो माणूस केव्हाच वर गेला, तरी मला त्याचा राग येतो. ती ओळ कुठल्या कामातली होती, काय होती, हे मात्र साफ विसरले. बोलणी तेवढी लक्षात राहिली.

आता मूळ गोष्टीकडे येते. ज्ञानकोशावर आल्या आल्या, सात वर्षांपूर्वी, मी एक लेख लिहिला होता. बटणांच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची आग. तिथे सेल्युलॉइडची बटणं बनत. त्या पदार्थात कापूर असतो आणि एकदा पेटला की तो ऐकत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बायका बटणं कार्डांवर लावायच्या, एका कार्डावर बारा. भर दुपारी दोन चाळीसला खालून आग वर आली. खोलीचं दार बाहेरून बंद होतं. का, तर बायका बटणं चोरून नेतील म्हणून! बटणं! त्या मालकाला वर्षभरसुद्धा आत बसावं लागलं नाही. हे लिहिताना मी भयंकर चिडले होते. मृतांची संख्या लिहिली एक्केचाळीस.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी जेवणं आटोपून मी नेहमीसारखी संगणकासमोर बसले, आणि लक्ष ठेवायच्या लेखांची यादी उघडली. त्या लेखात कोणीतरी ४१ चे ४२ केले होते. सदस्याचं नाव नाही, नुसता अंकपत्ता, म्हणजे ज्या जोडणीवरून लिहिलं तिचा क्रमांक. वेळ दोन चाळीस. असले उद्योगी लोक रोज दहा येतात. मी बदल उलटवला, कारण लिहिलं 'संदर्भ द्या', आणि पुढच्या लेखाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दोन चाळीसला पुन्हा ४२. मी पुन्हा उलटवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खोलीत कसला तरी वास येत होता, थंड, नाकात जाऊन बसणारा. भावजयीला हाक मारून विचारलं, "कपाटात कापूर ठेवलास का गं?" ती म्हणाली, "नाही बाई." मी खिडकी उघडली आणि चर्चापानावर गेले. तिथलं बोलणं मला तोंडपाठ आहे.

मी लिहिलं, 'हा बदल कशाच्या आधारे करता?'

उत्तर आलं, 'मी तिथे होते.'

'स्वतःचा अनुभव इथे चालत नाही. छापलेला संदर्भ लागतो.'

'छापणाऱ्यांनी मला विचारलं नाही…'

'तीन छापील संदर्भ ४१ म्हणतात. वर्तमानपत्र, पुस्तक, आणि कारखान्याच्या जागी बसवलेला स्मृतिफलक. तुमच्याकडे काय आहे?'

मग एकच ओळ आली. 'दार बाहेरून बंद आहे.'

होतं नाही हं. आहे.

मला दया यावी की नाही? मला आला संताप. एवढ्या बायका जळाल्या आणि हिला त्यांच्यावर थट्टा सुचते! मी ताकीद दिली, मग आठवड्याची बंदी घातली. बंदी असतानाही दुसऱ्या दिवशी दोन चाळीसला ४२ झालेच. तेव्हा मी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे आपले दुसरे जुने प्रचालक, शाळेतून निवृत्त झालेले, नियमांच्या बाबतीत माझेच चेले. त्यांना अंकपत्त्यांतलं कळतं. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला.

"ताई, हा पत्ता कोणालाच दिलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या क्रमांकाची जोडणीच नाही कुठे. तिथून काही येणं शक्य नाही."

"पण येतंय ना!"

"तेच म्हणतोय मी…" एवढं बोलून मास्तरांनी फोन ठेवला.

मी पान कुलूपबंद केलं. म्हणजे आता त्याला फक्त प्रचालक हात लावू शकत होते. दुसऱ्या दिवशी भावजयीला साक्षीला शेजारी बसवलं. ती कुरकुरली, पण बसली. दोन पस्तीस झाले. पंखा फिरत होता. खालच्या रस्त्यावर कोणीतरी लोखंडी पत्रे उतरवत होतं, तो आवाज एकाएकी थांबला. मग तो वास आला, आधी अगदी पुसट, मग असा की डोळ्यांतून पाणी यावं. भावजयीनं पदर नाकाला लावला. दोन चाळीसला आमच्या डोळ्यांदेखत ४१ चे ४२ झाले. लेखाच्या इतिहासात बदल करणाऱ्याचं नाव होतं 'काटेकोर'. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'मोजा'.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"वन्सं…" भावजय कुजबुजली, "तुम्ही हात नाही लावलात."

"नाही."

"मी बघत होते… तुम्ही हात नाही लावलात."

भीती मला नंतर वाटली. आधी माझं टाळकंच सटकलं. माझ्या नावानं! सात वर्षांत एका बदलाबद्दल कोणाची माझ्याकडे बोट दाखवायची छाती झाली नव्हती, आणि आता माझ्याच कुलपात माझ्याच किल्लीनं कोणी शिरत होतं. मी आकडा परत ४१ केला आणि इतक्या जोरात कळ दाबली की ती अजून नीट वर येत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी एक बाई दारात उभी राहिली. वय पन्नाशीचं. ग्रंथालयात मी ज्ञानकोशावरचं लेखन शिकवते, तिथून पत्ता काढून आली होती. कपडे दुरुस्त करून देण्याचं तिचं छोटं दुकान होतं. बसली तेव्हा माझं लक्ष गेलं, तिच्या कपड्यांना कुठेच बटण नव्हतं. सगळीकडे हूक. तिनं फोन पुढे केला. त्यात आपल्या लेखाचा फोटो होता, आकडा ४२ असताना घेतलेला.

"हे सातच मिनिटं होतं," ती म्हणाली. "मग गेलं. ही बेचाळिसावी कोण ते मला सांगता का?"

"कोणी नाही. कोणाचा तरी चावटपणा आहे."

तिनं फोन मांडीवर ठेवला. मग तिनं जे सांगितलं ते असं. आग लागली तेव्हा ती चार वर्षांची होती. आई त्या कारखान्यात होती. त्या दिवशी सकाळी कामावर गेली आणि परत आली नाही. एक्केचाळीस देह मिळाले, त्यात ती नव्हती. मालक म्हणाला, ती बाई त्या दिवशी आलीच नव्हती. वडिलांचं आदल्या रात्री तिच्याशी भांडण झालं होतं. झालं, लोकांना तेवढं पुरलं. पळाली. चार वर्षांचं लेकरू टाकून कोणाचा तरी हात धरून पळाली. वडिलांनी वर्षभरात दुसरा संसार मांडला आणि हिला आत्यानं वाढवलं. आत्याच्या घरात बटण हा शब्द चालत नसे.

"आत्या तशी वाईट नव्हती," ती म्हणाली. "तिलाही खरं वाटत नव्हतं आधी. दोन वर्षांनी सरकारी चौकशीचा अहवाल छापून आला, तेव्हा ती मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बघून आली. यादीत एक्केचाळीस नावं. आईचं नाही. आल्यावर मला म्हणाली, आता विषय संपला. छापलेलं खोटं कसं असेल?"

ती पुढे सांगत राहिली.

"मला सासरीही तेच ऐकावं लागलं. जशी आई तशी लेक. माझ्या मुलीला शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला तरी सासू म्हणायची, रक्तातच आहे. आता सासू नाही, आत्या नाही. मीच आहे." ती रडायला लागली. "बाई, ती मेली असेल तर मला सुटल्यासारखं होईल. आईबद्दल असं बोलणारी मुलगी बघितलीत का कधी तुम्ही?"

आणि मी काय म्हणाले असेन? सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "रडण्यानं संदर्भ होत नाही."

ती उठून गेली नाही. डोळे पुसून म्हणाली, "मग कशानं होतो ते दाखवा."

दाखवते म्हटलं. तिच्यासमोर मी ते तीन संदर्भ एकामागून एक उघडले. वर्तमानपत्रातला लेख चाळिसाव्या स्मृतिदिनाचा, म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा, माझा लेख त्याच्याही आधीच्या वर्षीचा. वाचत गेले तसा माझा चेहरा उतरत गेला. वाक्यं माझी होती. 'मालकाला माणसांपेक्षा बटणं महाग होती', हे मी रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य त्या पत्रकारानं जसंच्या तसं उचललं होतं. आकडाही. पुस्तक चार वर्षांपूर्वीचं, त्यानं आधार दिला होता त्या वर्तमानपत्राचा. फलक बसवला तीन वर्षांपूर्वी, पुस्तकावरून. आणि हे तिन्ही मी मागाहून आपल्या लेखाला संदर्भ म्हणून लावले होते, मोठ्या समाधानानं! मी लिहिलं म्हणून त्यांनी लिहिलं आणि त्यांनी लिहिलं म्हणून माझं खरं ठरलं. हा घोळ फक्त आपल्यासारखेच लोक घालू शकतात.

मग मी माझ्या लेखाची पहिली आवृत्ती काढली. ४१ या आकड्याला संदर्भच नव्हता. मी तो डोक्यातून लिहिला होता. आणि डोक्यात तो आला कुठून?

"तो अहवाल…" मी विचारलं, "कुठे छापला होता?"

तिला कसं ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. सरकारी कामं त्या काळी आमच्याच छापखान्यात यायची.

सोमवारी आम्ही दोघी जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात गेलो. लांबट खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एका बाजूला धुळीनं पांढरट झालेल्या उंच खिडक्या. तिथला कारकून भला माणूस होता. अहवालाची एकुलती एक प्रत त्यानं टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, "बसा निवांत, मी चहा पिऊन येतो." त्याच्या पावलांचा आवाज दूर गेला. अनुक्रमणिकेत बघून मी मृतांच्या यादीचं पान उघडलं, पान सतरा.

यादी होती. नाव, वय, काम. अहवालात एकूण आकडा कुठेच दिलेला नव्हता, यादीवरूनच मोजायचा. शेवटचा क्रमांक ४१. आणि त्याच्याखाली, पानाच्या कोऱ्या जागेत, बोटभर रुंदीचा एक पिवळट आयताकृती डाग. डिंकाचा. तिथे कधीतरी एक चिठोरं चिकटवलेलं होतं.

मला ते पान आठवलं. कोरं, ओल्या शाईचं, माझ्या टेबलावरचं. बावीस वर्षांची मी ती नावं मूळ प्रतीशी ताडत होते. वय सतरा, वय एकोणीस, वय सतरा. वाचता वाचता मला रडू कोसळलं होतं. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याकडून शेवटची ओळ राहिली होती आणि ती पकडायचं काम माझं होतं. मी डोळे पुसत पानाखाली सही ठोकली. मागाहून कोणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून शुद्धिपत्राचं चिठोरं छापून प्रतींना चिकटवलं, आणि डिंक वाळला तशी ती चिठोरी गळून गेली. "बाई, डोळे कुठे होते तुमचे?" चव्वेचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालत होते.

रडण्यानं संदर्भ होत नाही म्हणाले होते ना मी? रडण्यानं ओळ गळते.

"काय झालं?" तिनं विचारलं. मला तिच्याकडे बघवेना. आणि तेवढ्यात तो वास आला.

मी घड्याळ बघितलं नाही. गरज नव्हती. वरच्या दोन्ही दिव्यांच्या नळ्या मिणमिणून विझल्या, खिडक्यांतून आला तेवढाच उजेड उरला. मी उठून दाराशी गेले, ढकललं. दार हललं नाही. बाहेरून बंद होतं.

"अहो!" मी हाक मारली. "कोणी आहे का?"

मागे, मांडण्यांच्या पलीकडे, आवाज आला. टक. मग पुन्हा, टक. नखानं काहीतरी लहानसं, कडक पुठ्ठ्यावर बसवावं तसा. टक… टक… घाई नाही, सवयीच्या हाताचा. मग थोडी विश्रांती आणि काहीतरी बाजूला सरकवल्याचा आवाज.

मी भिंतीला टेकले. पण ती शिंपीणबाई खुर्चीत ताठ बसली होती आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती.

"आई घरी काम आणायची," ती हळूच म्हणाली. "मी झोपले की करत बसायची… बारा झाले की कार्ड बाजूला ठेवायची. मला तिचं तोंड आठवत नाही… हे आठवतं."

टक, टक, टक. दुसरं कार्ड सरकलं. हवेत आता कापराबरोबर जळकाही वास होता, आणि लोखंडी मांडण्या हाताला गरम लागत होत्या. तिसरं कार्ड सरकलं. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. "सदतीस… अडतीस… एकोणचाळीस…"

"चाळीस," मीही म्हणाले. आपोआप.

"एक्केचाळीस…"

इथे आवाज थांबला. काय हवंय ते मला कळलं. मी टेबलाशी आले, पान सतरावर, त्या डागावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बेचाळीस. चूक माझी आहे. मी गाळली."

टक.

नळ्या लागल्या. दाराची कडी वाजली आणि तो कारकून आत आला, कपाळावर हात मारत. "सवयीनं कडी घातली हो मी बाहेरून! माफ करा." तो असं बोलत होता तेव्हा ती अहवालाची मागची पानं उलटत होती. शेवटच्या पानाच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये ते चिठोरं होतं. मी हातात घेतलं तर कोमट लागलं, आणि त्याच्या दोन कडा तपकिरी झाल्या होत्या.

'शुद्धिपत्र. पान १७, यादीच्या शेवटी पुढील ओळ वाचावी.' मग क्रमांक ४२, एक नाव, वय सव्वीस, बटणे कार्डावर लावणे, हजेरीपटावर सही आहे, देह मिळाला नाही. ते नाव मी इथे बोलणार नाही. लेखात आहे, तिथे वाचा. तिनं ते तीनदा वाचलं आणि चिठोऱ्यावर डोकं टेकलं. मी तिची क्षमा मागितली. तिनं केली की नाही, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी आकडा बदलला, नाव घातलं, शुद्धिपत्राचा संदर्भ दिला आणि चर्चापानावर माझी सगळी कर्मकहाणी लिहिली. वाटलं, मिटलं. दहा मिनिटांत मास्तरांनी ते उलटवलं! मी फोन केला.

"ताई, नियम तुम्हीच शिकवलेत. सुट्या चिठोऱ्यावर कसं जायचं? तीन स्वतंत्र संदर्भ एक्केचाळीस म्हणतात."

"स्वतंत्र कसले डोंबलाचे! तिन्ही माझ्याच लेखातून निघालेत."

"तसं म्हणणारा छापील संदर्भ आहे?"

मी किंचाळले. मी बदल पुन्हा केला, त्यांनी पुन्हा उलटवला, चौथ्या वेळी त्यांनी माझ्यावर बंदी घातली. माझ्यावर! एका दिवसाची. कारण, 'वारंवार ताकीद देऊनही संदर्भाविना आकडा बदलणे'. ते वाक्य माझंच होतं, इतके दिवस मी तिला तेच चिकटवत होते. तेव्हा कुठे कळलं, दाराच्या त्या बाजूला उभं राहून हाक मारणं म्हणजे काय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, रागानं आणि शरमेनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मास्तर होते, पण आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई… तुमच्याकडे तो वास यायचा म्हणालात… कापराचा का?"

"हो."

"माझ्या खोलीचं दार उघडत नाहीये… घरात तर मी एकटाच आहे… बाहेरून कोणी…"

"मास्तर, संगणक समोर आहे का?"

"आहे."

"बेचाळीस करा."

कळा दाबल्याचे आवाज आले. "केलं."

"आता नाव लिहा. मी सांगते ते, एकेक अक्षर."

मी सांगितलं. त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. मग पलीकडे काहीतरी खटकन वाजलं, आणि मास्तर लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. त्या दिवसापासून ते प्रचालक नाहीत. त्यांची जागा रिकामी झाली, तिच्यासाठीच तुमचा अर्ज आहे.

आकडा आता बेचाळीस आहे. फलकही बदलणार म्हणतात, मी मागे लागले आहे. परवा ती शिंपीणबाई येऊन गेली. तिनं नवा कपडा घातला होता, त्याला गळ्यापासून खालपर्यंत पांढरी बटणं होती. तिनंच लावलेली. मी मोजली नाहीत.

इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला चहा पाजून शिफारस हातात ठेवली असती. पण मग मी माझा हिशोब काढला. माझ्या नावावर एकतीस हजार उलटवणी आहेत. त्यात गंमत करणारे किती आणि दुसरं कुठेच तोंड उघडता येत नाही म्हणून आलेले किती, हे मी कधी बघितलं? दोन शब्दांत वाटेला लावलं सगळ्यांना. संदर्भ द्या. आता रोज एकेक उघडून बघते. हे काम मरेपर्यंत पुरेल.

तुमची सहाशे आहेत, नाही का? अर्जात तुम्ही त्यांतली नऊ अभिमानानं मांडली आहेत. नदीत उलटलेल्या नावेचा लेख. कोणी एक अनामिक रोज सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी सतराचे अठरा करतो, आणि तुम्ही न चुकता अठराचे सतरा करता. आज सकाळीही केलंत. मी बघितलं. कारणाच्या जागी त्यानं काय लिहिलं होतं, ते वाचलंत का तुम्ही? की न वाचताच उलटवलंत?

मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा पायपुसणं भिजलं. मला वाटलं, बाहेर पाऊस असेल. म्हणून दिवा लावायला उठले तेव्हा खिडकीतून डोकावले. रस्त्यावर धूळ उडते आहे.

नका, बूट काढू नका. तुमच्या खुर्चीखाली पाणी साचलेलं आहे ते मी मघापासून बघते आहे, आणि गाळाचा वास मलाही येतो आहे. पुसायला उठले नाही, कारण पुसून ते जायचं नाही. तो संगणक पुढे ओढा आणि लेख उघडा. आकड्याला हात लावू नका अजून. आधी चर्चापानावर जाऊन त्याला त्याचं नाव विचारा.